सरत्या वर्षाचा हिशेब आठवणीवर नको

३१ डिसेंबरला स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून एक दिनदर्शिका उतरते आणि त्याच खिळ्यावर दुसरी चढते. उतरलेली रद्दीत जाते. फार तर तिच्या पानांची वह्यांना कव्हरे होतात. टाकण्यापूर्वी ती कुणी चाळून पाहिली, तर बारा पानांच्या चौकोनांत घराचे सगळे वर्ष भरलेले सापडते. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, मुलीच्या सहामाही परीक्षेचे दिवस, आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्त तपासायला जायचे म्हणून लाल पेनने केलेला गोल. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झाले. तिथी-सणांसाठी भिंतीवर आलेल्या अशा दिनदर्शिकांचे चौकोन मराठी घरांनी आपल्या नोंदींनी भरून टाकले. घरातले कुणी रोजनिशी लिहीत नसले, तरी घराची रोजनिशी अशी भिंतीवर लिहिली जात असते.

त्याच रात्री त्याच घरातले कुणीतरी अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला विचारते, ‘या वर्षात मी काय केले?’ उत्तर क्षणात येते. पुष्कळदा ते ‘काहीच नाही’ असे असते. कधी ‘वर्ष वाईट गेले’, कधी ‘वर्ष मस्त गेले’. हे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेने दिलेले नसते. आठवणीने दिलेले असते. आणि याच उत्तरावर पुढच्या वर्षाचे संकल्प उभे राहतात. कधी कधी तर स्वतःविषयीचे मतही त्यावरच ठरून जाते.

सरत्या वर्षाकडे वळून पाहावे, त्यातून शिकावे, हा सल्ला दर डिसेंबरला सगळीकडून मिळतो. सल्ला वाईट नाही. पण कसे पाहावे, कशाच्या आधारे पाहावे, हे त्यात सहसा सांगितलेले नसते. इथेच आरोग्याचा प्रश्न येतो. कारण मागे वळून पाहण्याची एक रीत माणसाला पुढे नेते आणि दुसरी त्याला खिन्नतेच्या खड्ड्यात ढकलते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

व्यापारी आठवणीवर विसंबत नाही

वर्षाचा हिशेब ही कल्पना या मातीला नवी नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला चोपड्यांची पूजा होते आणि अनेक पेढ्यांवर नवी वही सुरू होते. सरकारचे आणि बँकांचे वर्ष ३१ मार्चला संपते, घराघरांत गुढी चैत्रात उभी राहते, शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडते. म्हणजे वर्ष कधी संपते याला अनेक उत्तरे आहेत. हिशेब कसा करायचा याला मात्र पेढीवर एकच उत्तर होते. रोजचा व्यवहार रोजमेळात लिहायचा, तिथून खाते पाडून खतावणीत न्यायचा, आणि वर्षाअखेरीस त्यावरून ताळेबंद काढायचा. दिवाळीच्या रात्री डोळे मिटून ‘यंदा धंदा कसा झाला बरे?’ असे आठवून कुणी नफा-तोटा ठरवला असता, तर मुनीमजींनीही त्याला हसून घालवले असते.

पाचशे रुपयांच्या उधारीसाठी जो माणूस आठवणीवर विसंबत नाही, तोच माणूस स्वतःच्या ३६५ दिवसांचा निवाडा आठवणीवर करतो. आठवण म्हणजे घडलेल्या गोष्टींची जपून ठेवलेली नक्कल, असा यामागे समज असतो. तो खरा नाही.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे दाखवून दिले होते. त्यांनी लोकांना एक अपरिचित कथा वाचायला दिली आणि नंतर वेगवेगळ्या अंतराने ती पुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा थोडी बदलत गेली. न समजलेले भाग गळाले आणि उरलेले सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगासारखे झाले. आठवणे म्हणजे कपाटातून वस्तू काढणे नसून ती दर वेळी नव्याने घडवणे आहे, हा त्या कामाचा अर्थ.

याचे ठळक उदाहरण १९८६ चे आहे. २८ जानेवारीला अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की ही बातमी कळली तेव्हा ते कुठे होते, कुणाबरोबर होते, काय करत होते. सुमारे अडीच वर्षांनी नायसर आणि निकोल हार्श यांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांतल्या पाव विद्यार्थ्यांची मुख्य मुद्द्यांवरची सगळीच उत्तरे आधी स्वतः लिहिलेल्या उत्तरांशी जुळली नाहीत. अनेकांना आपल्या चुकीच्या आठवणीची पक्की खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही त्यांची आठवण दुरुस्त झाली नाही. इतक्या मोठ्या घटनेची ही गत, तर गेल्या एप्रिलमधल्या एखाद्या साध्या मंगळवारची काय असेल?

शेवट गोड, म्हणून सारे गोड?

आठवण चुकते ती कशीही नाही. तिच्या चुकांना दिशा असते. डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांनी एकदा १४ अंश सेल्सियस तापमानाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्या वेळी तितकाच वेळ तितक्याच गार पाण्यात धरला आणि वर आणखी ३० सेकंद तो आत ठेवला; या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू फक्त एक अंशाने कोमट केले होते. दुसऱ्या खेपेत त्रास उघडच जास्त वेळ झाला. तरी ‘यातले कोणते पुन्हा कराल?’ असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरे निवडले. आठवणीने एकूण वेळ मोजलाच नव्हता. तिने सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढेच धरून ठेवले होते.

हा नियम वर्षाला लावून पाहावा. नोव्हेंबरात नोकरीत अपमान झाला, तर आधीचे दहा महिने नीट गेलेले असूनही वर्ष ‘अपमानाचे’ ठरते. डिसेंबरात गोव्याची सहल झाली, तर वर्षभर दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब फोटोंच्या मागे दडतो. जानेवारी ते ऑक्टोबर रोज सकाळी चालायला गेलेला आणि शेवटचे दोन महिने गुडघ्यामुळे घरी बसलेला माणूस ३१ तारखेला म्हणतो, ‘यंदा व्यायाम झालाच नाही.’ त्याचे दहा महिने कुठे गेले? त्याच्या पायांत आहेत, हृदयात आहेत. हिशेबात मात्र नाहीत.

दुसरी चूक याहून बोचरी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते. त्याआधी बारूख फिशहॉफ आणि त्यांच्या सहकारी रूथ बेथ यांनी काही विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले, की या दौऱ्यांत काय काय घडेल आणि त्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर, ‘तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता?’ असे विचारले. जे घडले असे विद्यार्थ्यांना वाटत होते, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असे त्यांना ‘आठवले’. निकाल कळल्यावर ‘हे तर होणारच होते’ असे वाटू लागते.

इतरांच्या बाबतीत ही वृत्ती माणसाला शहाणे असल्याचा भास देते. स्वतःच्या बाबतीत ती क्रूर होते. ‘आईच्या छातीत दुखले तेव्हाच कळायला हवे होते.’ ‘त्या भागीदारावर विश्वास ठेवायलाच नको होता.’ आज जे लख्ख दिसते, ते त्या दिवशी दहा शक्यतांच्या गर्दीत एक होते. आजच्या उजेडात कालच्या अंधारातल्या निर्णयाला शिक्षा देणे, हा वर्षाअखेरीच्या हिशेबातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

एका सकाळची साखर

मधुमेह असलेल्या घरांत एक गंमत नेहमी दिसते. तपासणीच्या आधी तीन दिवस गोड बंद, भात बंद, संध्याकाळी फेऱ्या सुरू. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर छान येते. मग डॉक्टर एचबीए१सी करायला सांगतात आणि बिंग फुटते. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून ही चाचणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तीन दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही. उलटेही तितकेच खरे. तीन महिने नेटाने पथ्य पाळणाऱ्याची साखर एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर वाढली, तरी एचबीए१सी त्याला धीर देते.

३१ डिसेंबरच्या रात्रीचे मत म्हणजे एका वेळची साखर. त्या दिवशी झोप किती झाली, कुणाशी वाद झाला, मोबाइलवर कुणाच्या परदेशवारीचे फोटो दिसले, यावर ते ठरते. मन उदास असताना उदास आठवणीच आधी वर येतात, त्यामुळे वर्षही तसेच दिसते. वर्षाची सरासरी हवी असेल, तर वर्षभर साचलेल्या गोष्टींकडेच जावे लागते.

सुदैवाने त्या जवळपास प्रत्येक घरात असतात. भिंतीवरची दिनदर्शिका आहे. दवाखान्याची फाइल आहे, तिच्यात वजन, रक्तदाब, साखर तारखेसह आहे. बँकेचे पासबुक आहे. पैसा कुठे गेला हे त्यात दिसते आणि पैसा गेला तिकडे मनही थोडेबहुत गेलेले असते. मोबाइलमध्ये फोटो, पावलांचे आकडे आणि कुणाशी किती वेळा बोलणे झाले याची यादी आहे.

यातली कुठलीही एक नोंद पुरेशी नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. फोटो लग्नाचे निघतात. आजारी माणसाच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रीचे कुणी काढत नाही. पावलांचा आकडा जुलैत का घसरला ते सांगत नाही. ते दिनदर्शिकेत ‘मुलाला ताप’ असे लिहिलेला चौकोन सांगतो. म्हणून दोन-तीन नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि घरातल्या कुणाला तरी विचारावे, ‘गेल्या उन्हाळ्यात माझे काय चालले होते?’ उत्तर ऐकून पुष्कळदा चकित व्हायला होते.

चिंतन आणि रवंथ

नोंदी समोर आल्या तरी पुढचा धोका उरतोच. त्या पाहून मन काय करते, यावर सगळे अवलंबून आहे.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रीएटा इथे मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोनच आठवडे आधी सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. उदास वाटले की तुम्ही काय करता, हेही तिच्यात विचारले होते. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांची मनःस्थिती तपासली गेली. उदास झाल्यावर ‘मला असे का वाटते, माझ्याच वाट्याला हे का’ याच विचारात घोळत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे जास्त आढळली. आधी ते किती खिन्न होते हे वजा केल्यावरही हा फरक राहिला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर अशा घोळण्याचा आणि नैराश्याचा संबंध अनेक अभ्यासांतून पुढे आला.

इंग्रजीत या घोळण्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ रवंथ असाच आहे. मराठीलाही तो अर्थ नवा नाही. पण गाईच्या आणि माणसाच्या रवंथात एक फरक आहे. गाय चारा पुन्हा चावते तेव्हा तो पचतो आणि पुढे सरकतो. मनाच्या रवंथात तोच घास तसाच्या तसा परत येतो. दहाव्या वेळीही त्यातून नवे काही मिळत नाही. दात मात्र दुखू लागतात.

दोन्हींतला फरक ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. चिंतनातून काही तरी ठरते: एक फोन करायचा, एक सवय बदलायची, एखादी गोष्ट सोडून द्यायची. रवंथातून काहीच ठरत नाही. चिंतनात माणूस घटनेविषयी विचार करतो: ‘मार्चमध्ये औषध तीनदा चुकले, तिन्ही वेळा प्रवास होता.’ रवंथात तो स्वतःविषयी फैसला करतो: ‘मी असाच आहे, माझ्याच्याने काही होत नाही.’ पहिल्या वाक्यावर उपाय आहे, प्रवासाच्या पिशवीत गोळ्यांची वेगळी डबी. दुसऱ्या वाक्यावर उपायच नाही, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगे काही ठेवलेलेच नाही.

म्हणून वर्षाला विचारायचे प्रश्न ‘का’ने सुरू करण्यापेक्षा ‘केव्हा’, ‘कुठे’, ‘कुणाबरोबर’ आणि ‘काय’ने सुरू करावेत. झोप कोणत्या महिन्यात बिघडली? तेव्हा काय चालले होते? कुणाला भेटून आल्यावर हलके वाटले आणि त्या माणसाला वर्षात किती वेळा भेटणे झाले? कोणते काम वर्षभर पुढे ढकलले गेले? या प्रश्नांची उत्तरे तारखेत देता येतात. तारखेत देता येणारे उत्तर माणसाला सहसा खड्ड्यात नेत नाही.

मुद्दल शाबूत असणे

वर्षाअखेरीच्या सल्ल्यांत एक गृहीतक इतके मुरलेले असते, की ते कुणाला खटकतही नाही. प्रत्येक वर्षी माणसाची प्रगती झालीच पाहिजे, हे ते गृहीतक. काय नवे शिकलात, किती किलो उतरवलेत, किती पुस्तके वाचलीत, पगार किती वाढला? वाढ दाखवता आली नाही तर वर्ष वाया.

एखाद्या पन्नाशीच्या बाईंचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. फेब्रुवारीत सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, मग अंथरूण, मग हळूहळू वॉकर. बाईंचा योगाचा वर्ग सुटला, भिशीच्या मैत्रिणी दुरावल्या, वजन चार किलोंनी वाढले. डिसेंबरात त्या म्हणतात, ‘या वर्षात माझे काहीच झाले नाही.’ त्यांच्या भिंतीवरची दिनदर्शिका वेगळे सांगते. फिजिओथेरपीसाठी माणूस यायचे ते वार, ड्रेसिंगच्या तारखा, ‘आज आई स्वतः न्हाणीघरापर्यंत गेल्या’ असे लिहिलेला ऑगस्टमधला एक चौकोन. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा न होऊ देता उभे करणे हे कौशल्याचे, ताकदीचे आणि चिकाटीचे काम आहे. रुग्णालयात त्यासाठी पगार देऊन माणसे नेमतात. घरात ते वर्षाच्या कमाईत धरलेच जात नाही. करणारीही धरत नाही.

दुष्काळाच्या किंवा मंदीच्या वर्षी जुना व्यापारी ‘नफा किती?’ असे विचारत नसे. मुद्दल शाबूत राहिले का, पेढी उघडी राहिली का, देणेकऱ्यांपुढे मान खाली घालावी लागली नाही ना, एवढे तो पाहत असे. माणसाच्या आयुष्यातही अशी वर्षे येतात. जवळच्याचा मृत्यू, आजार, गेलेली नोकरी, अवकाळी पावसाने आडवे झालेले पीक. अशा वर्षात औषधे चालू राहिली, दारूकडे हात गेला नाही, मुलांची शाळा सुटली नाही, घरात बोलणे चालू राहिले, तर मुद्दल शाबूत आहे. त्या वर्षाच्या खात्यावर नफा शोधणे ही चुकीची खतावणी आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. स्वतःशी असे मऊ वागले तर माणूस ढिला पडेल. चुकीची बोच हवीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी हे तपासून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. त्यानंतर एका गटाला स्वतःकडे समजुतीने पाहायला सुचवले: ही परीक्षा अनेकांना अवघड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. पुढच्या परीक्षेसाठी याच गटाने इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. कारण समजण्यासारखे आहे. चुकीकडे पाहायला आधी भीती कमी व्हावी लागते. दवाखान्यात ओरडा बसेल या भीतीने जो रुग्ण येणेच टाळतो, त्याची साखर ओरड्याने कमी होत नाही.

समजूत म्हणजे सबब मात्र नव्हे. पावलांचा आकडा जूनपासून घसरलेला असेल आणि जूनमध्ये घरात कुणी आजारी नसेल, तर नोंद तेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. तंबाखू सोडायची म्हणून जानेवारीत केलेला संकल्प १२ जानेवारीला मोडला असेल, तर ती तारीख तशीच लिहावी आणि त्या दिवशी कोण बरोबर होते तेही लिहावे. हिशेब खरा असावा, एवढीच मागणी आहे. कडक असण्याची गरज नाही आणि गोड असण्याचीही नाही.

अर्धा तास आणि एक कागद

हे करायला ३१ डिसेंबरच हवा असेही नाही. हेंगचेन दाई, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की वर्षाच्याच नव्हे तर आठवड्याच्या, महिन्याच्या आणि शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीलाही लोक व्यायामशाळेकडे जास्त वळतात. वाढदिवसानंतरही तसेच घडते. नवे पान उलटल्याची भावना माणसाला हलवते. ज्याचा जानेवारी हुकला, त्याच्यापुढे गुढीपाडवा आहे, वाढदिवस आहे, येता सोमवार आहे.

रात्रीपेक्षा सकाळची वेळ बरी. झोप झालेली असावी. नोंदी समोर घ्याव्यात आणि कागदावर बारा ओळी आखाव्यात, महिन्याला एक. प्रत्येक ओळीत काय घडले तेवढेच लिहावे. चांगले-वाईट ठरवू नये. बारा ओळी भरल्यावर जे हातात नव्हते त्याच्याखाली एक रेघ ओढावी आणि जे हातात होते त्याच्याखाली दोन. एखादी गोष्ट कुठे घालावी याचा संभ्रम पडला, तर त्या दिवशी काय माहीत होते एवढाच विचार करावा. आज काय माहीत आहे तो नको. मग दोन रेघांच्या नोंदींतून एकच निवडावी आणि तिच्यापुढे कृती लिहावी, वेळ आणि जागेसह.

वेळ आणि जागेचा आग्रह उगीच नाही. पीटर गॉलविट्झर यांनी जर्मनीत केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तांत दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितले. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवून लिहिले, त्यांच्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक जणांनी ते काम पूर्ण केले. ज्यांनी ठरवले नाही, त्यांच्यात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिले. ‘यंदा तब्येतीकडे लक्ष देईन’ हे वाक्य हवेत विरते. ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या आधी रक्तदाब मोजून दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहीन’ हे वाक्य भिंतीला टेकून उभे राहते.

ज्यांचे वर्ष खरोखर जड गेले आहे, त्यांच्यासाठी थोडे वेगळे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस १५-१५ मिनिटे आपल्या आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेविषयी लिहायला लावले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो. शिवाय लिहिल्या लिहिल्या मन आधी अधिक जड होते. तेव्हा लिहून मोकळे वाटत असेल तर लिहावे. लिहिताना तोच घास पुन्हा पुन्हा तोंडात येऊ लागला तर वही मिटावी आणि कुणाशी तरी बोलावे. ज्याचे दुःख ताजे आहे, त्याने या वर्षाचा हिशेब यंदाच करायला हवा अशी सक्ती नाही. काही खाती पुढच्या वर्षात ओढावी लागतात.

उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस राहिले, तर तो आत्मपरीक्षणाचा विषय उरत नाही. तो उपचाराचा विषय होतो. डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले तर दोन आठवडे थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो विनाशुल्क आहे. घरातले कुणी वर्षाअखेरीस ‘आपला कुणाला काही उपयोग नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तर ‘असे बोलू नये’ म्हणून विषय मिटवण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून ऐकावे आणि हा क्रमांक त्यांच्यासाठी स्वतः लावून द्यावा.

आणि जुनी दिनदर्शिका लगेच रद्दीवाल्याला देऊ नये. चहाचा कप घेऊन ती जानेवारीपासून एकदा चाळावी, शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून. ऑगस्टच्या त्या चौकोनाशी थांबावे, जिथे कुणीतरी न्हाणीघरापर्यंत स्वतः चालत गेले होते. मग नव्या दिनदर्शिकेवर पहिल्या रविवारी एक गोल करावा, आणि पेन दोऱ्याला बांधून तिच्या शेजारी लटकवून ठेवावे.